माझ्या गाण्याला जाळ्याचा वाटा

वयाच्या बाविसाव्या वर्षी माझी अशी खात्री होती, की रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत माझ्याइतकी हुशार बाई नाही. आता वाटतं, असतीलही दोन-चार. पण त्या भाकऱ्या थापत होत्या, हे सांगत फिरायला त्यांना सवड नव्हती. मला होती. मी शाळामास्तरीण होते, माझ्याकडे काळी छत्री होती, आणि व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला मी ट्रंकेत न ठेवता देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर टांगला होता. सासूबाई देवांना हळदकुंकू वाहून झालं की एक बोट त्यालाही लावत. बिचाऱ्यांना वाटायचं, सुनेच्या माहेरचं काही दैवत असेल. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

माहेर माझं नागावचं. समोर उघडा समुद्र, मागे नारळाच्या वाड्या. सासर मात्र खाडीच्या आतल्या अंगाला. दोन्ही बाजूंना खाजण, मागे खाऱ्या जमिनीतलं भात, पुढे चिखल आणि चिखलापुढे आणखी चिखल. गावाला एक शाळा, शाळेला एक खोली. वरचे वर्ग ह्यांच्याकडे, बिगारीपासून तिसरीपर्यंत माझ्याकडे, आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्यापलीकडे हे भूगोल शिकवत, अलीकडे मी पाढे घेत असे. आमच्या तिसरीतल्या पोरांना हिमालयाची उंची यायची आणि सातवीतली पोरं झोपेत पाढे म्हणायची, ते त्या पडद्यामुळे.

पाढे पोरांना आवडत. पावकी यायची, निमकी यायची. पाऊणकी आली की अर्ध्या वर्गाच्या पोटात दुखायचं. आताच्या मुलांना पाऊणकी ठाऊक नसते म्हणून सांगते, तो पाऊणपटीचा पाढा. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, असा पुढे.

गंमत अशी, की आमच्या किनाऱ्यावर पाऊणकी शाळेच्याही आधीपासून नांदते. तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पुरी. अष्टमीला आठ पाऊण सहा. दिवसा तशीच रात्री. हे कोणी शोधलं देव जाणे. आजा नातवाला सांगतो, नाखवा खलाशाला सांगतो, असं चालत आलेलं. मी नागावला वडिलांच्या मांडीवर बसून शिकले. आमच्या वर्गातली पोरंही घरी कोणी विचारलं तर भरतीची वेळ धाडकन सांगत, आणि तीच पोरं वर्गात पाऊणकीला रडत. घरातली पाऊणकी आणि शाळेतली पाऊणकी या सख्ख्या बहिणी आहेत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

ते मी सांगितलं. गाणं करून सांगितलं.

एक पाऊण पाऊण, पाणी आलं धावून,
दोन पाऊण दीड, होडीला लाव शीड,
तीन पाऊण सव्वादोन, धक्क्यावरती कोण कोण,
चार पाऊण तीन, मोठा मासा मी घेईन,
पाच पाऊण पावणेचार, जाळं झालं भारी फार…

असं पंधरापर्यंत. आठव्याला 'आठ पाऊण सहा, भांगाचं पाणी पाहा' असं होतं, कारण अष्टमीच्या आसपास भरती मरगळलेली असते, तिला आमच्याकडे भांग म्हणतात. आणि पंधरा झाले की शेवटी सगळ्यांनी टाळी वाजवून म्हणायचं,

खाडीबाई आळशी भारी,
घटका उशिरा येई दारी.

उघड्या समुद्राला लागू पडणारा हिशेब खाडीच्या आत घटकाभर मागे पडतो, म्हणजे चोवीस मिनिटं. पाण्याला वळणावळणाने आत यायला वेळ लागतो. ती शेवटची ओळ मला कशी सुचली, असं कोणी विचारलं तर मी मान जरा तिरकी करून म्हणायची, "सुचली झालं. काव्य आहे ते." काव्य कसलं! पण ते पुढे येईलच.

पाऊणकी महिनाभरात पोरांच्या जिभेवर बसली. पोरी झिम्म्यात म्हणायला लागल्या. खारजमिनीत बांध घालणारी माणसं फावड्याच्या तालावर म्हणायला लागली. मग आजूबाजूच्या गावांतले मास्तर आले. एक उरणकडचा, एक अलिबागच्या बाजूचा. येत, ओट्यावर बसत, पन्हं पीत आणि विचारत, "बाई, उतरवून घेऊ का? आमच्या पोरांना होईल."

मी म्हणायची, "घ्या की. फळ्यावर घ्या, पाटीवर घ्या, भिंतीवर कोळशाने लिहा." आणि वर स्वतःच लिहून देत असे, टाकाने, वळणदार, दोन समास सोडून. त्यांनी विचारलं यातच माझं पोट भरत होतं. ते गेले की मी छत्री उघडून, ऊन नसताना, धक्क्यापर्यंत चक्कर मारून यायची. कोणाला तरी दिसायला हवं ना, की कवयित्री जाते आहे!

दोनेक वर्षं अशी सुखात गेली. मग एके दिवशी मुंबईहून पुस्तकं विकणारा एक गृहस्थ शाळेत आला. डोक्यावर काळी टोपी, हमालाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक. त्याने ट्रंक उघडली आणि नव्या कागदाचा असा वास सुटला, की पडद्यापलीकडची पोरंही माना उंचावू लागली. मुलांसाठी गणिताचं नवं पुस्तक, रंगीत वेष्टण, आत चित्रं. ह्यांनी पानं उलटली, थांबले, आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

माझी पाऊणकी. अक्षरन्‌अक्षर माझी. वर होडीचं चित्र, आणि गाण्याखाली बारीक टायपात, 'कोकणातील एक जुने लोकगीत'.

मी जुनी! मी लोक! मला पंचविसावंही लागलं नव्हतं.

"हे गाणं माझं आहे," मी म्हटलं.

गृहस्थ गोड हसला. "असं पुष्कळ बायांना वाटतं, बाई. गाणं कानावर फार पडलं की आपलंच वाटतं."

मी काही बोलणार, तोच त्याची नजर माझ्या फळ्यावर गेली. फळ्यावर पाऊणकी होती. ती रोजच असायची. त्याने पुस्तकाचं पहिलं पान उघडून बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, 'सर्व हक्क स्वाधीन. या पुस्तकातील कोणताही मजकूर उतरवून घेऊ नये.'

"आता हे पुस्तकातलं झालं, मास्तर," तो ह्यांना म्हणाला, कारण बाईशी काय बोलायचं! "पोरांना पुस्तक घ्यायला सांगा. फळ्यावर उतरवून देणं बरं नव्हे. पुस्तक मंजूर झालेलं आहे, वर कळलं तर उगाच तुम्हाला विचारणा व्हायची."

आमचे हे स्वभावाने देवमाणूस, पण देवमाणसांना वरिष्ठांची भीती जरा जास्तच असते. गृहस्थ ट्रंक घेऊन धक्क्याकडे वळला आणि ह्यांनी ओलं फडकं घेऊन माझा फळा पुसला. खालची टाळीची ओळही पुसली. पोरं बघत राहिली. पहिल्या रांगेतल्या एका पोरीने आपली पाटी पटकन परकराखाली लपवली. तिच्या घरी एकवेळची चूल पेटायची मारामार, ती पुस्तक कुठून घेणार? पण पाटी लपवावी लागते हे तिला त्या दिवशी कळलं, माझ्या वर्गात, माझ्या गाण्यापायी. पुस्तकात माझं नाव नव्हतं याने मी फणफणले होते खरी, पण त्या पाटीने जे झालं ते वेगळं होतं. ते अजून होतं.

घरी मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सगळं सांगितलं. त्यांनी जन्मभर कोर्टाच्या दारात अर्ज लिहून दिलेले. त्यांनी ते पान चष्म्याच्या वरून, मग चष्म्यातून, असं दोनदा वाचलं.

"सर्व हक्क स्वाधीन," ते म्हणाले. "म्हणजे सूनबाई, आता तुम्हाला पाऊण भाकरी वाढायची तरी गिरगावात, या छापणाऱ्यांना विचारून वाढा."

"मामंजी, मी थट्टेच्या मनःस्थितीत नाही."

"मग कामाचं सांगतो. कायदा आहे. लिहिणाऱ्याचा लिखाणावर हक्क असतो. पण तुम्ही लिहिलंत हे दाखवणार कसं? गाणं पोरांच्या तोंडी आहे, आणि पोरांच्या तोंडी तर शिव्याही असतात. त्या काय पोरांनी रचल्या?"

हे म्हणाले, "जाऊ दे. पोरं शिकतायत ना? गाणं काय, समुद्राचं पाणी. कोणी ओंजळभर नेलं तर कमी होतं का?"

मला वाटलं, हे बरोबर आहे. आणि मला हेही वाटलं, की हे अजिबात बरोबर नाही. दोन्ही एकदमच वाटत होतं, म्हणून मी भांडी जोरात आपटली.

त्या भांड्यांच्या आवाजाने आली नाखवीण. होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात, ही त्याची बायको. वयाने माझ्या आईएवढी, आवाजाने गावाएवढी. सकाळी मासळीची पाटी घेऊन फिरायची आणि दुपारी आमच्या मागल्या दारी पायरीवर टेकायची. मी सगळं सांगितलं.

"मंग? रडतस कशाला?" ती म्हणाली. "वाटा माग."

"कसला वाटा?"

"जाल्याचा! तुला इतकी वरसं झाली गावात, वाटे पडताना बगितलं न्हाय?"

बघितलं होतं, रोज बघत होते. होडी लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीत गेलेल्या प्रत्येक माणसाचा एक, होडीचा एक, आणि जाळ्याचा एक. जाळं ज्याचं तो घरी खोकत पडलेला असला तरी त्याचा वाटा त्याच्या दारात पोचतो.

"मासा काय आमी केला? दर्या काय आमच्या बापाचा?" नाखवीण म्हणाली. "पन जालं आमी इनलं. पाऊनकी सगल्यांची, भरती सगल्यांची. गानं तू इनलंस. त्या गान्यात पोरं गावली. जालं तुजं, त्याचा वाटा तुजा. व्हय का न्हाय?"

"पण नाखवीणबाई, आपल्या पोरांकडून कसा घ्यायचा वाटा? ती पाटीवर उतरवून घेतात…"

"पोरांकडं कोन मागतंय? होडी वर ओढाया हात लावनाऱ्या पोराला मूठभर मासली देतातच. त्याचा कुनी हिशोब धरला हाय? पोरानं मूठभर न्हेली तर त्याला इचारायचं न्हाय. पाटी भरून बाजारात न्हेली तर त्याला सोडायचं न्हाय. इतकं सोपं हाय, मास्तरीन बाय, नि तू भांडी आपटतस."

इतकं सोपं होतं. ह्यांची ओंजळही बरोबर होती आणि माझा रागही. फक्त मध्ये पाटीभर बाजार आला होता, आणि वर त्या बाजारवाल्याने पोरांची मूठ उघडून बघायला सुरुवात केली होती.

मी ठरवलं, मुंबईला जायचं. हे म्हणाले, "जाशील तर माझ्याकडून एक सांग, की फळा मी पुसला, तो घाबरून पुसला. पटून नाही." एवढं बोलायला त्या माणसाला किती लागलं असेल ते मलाच ठाऊक.

नाखवीण सुक्या बोंबलांच्या गोणी घेऊन तशीही मुंबईला जाणार होती. मांडव्यापर्यंत बैलगाडी, तिथून लाँच, आणि भाऊच्या धक्क्याला उतरून ट्राम. मी ठेवणीतलं नऊवारी नेसले, छत्री घेतली, दाखला भिंतीवरून काढून पिशवीत घातला. दाखल्यावर हळदकुंकू होतं ते पुसायचं राहून गेलं. लाँचमध्ये मी सबंध वाट मनातल्या मनात भाषण पाठ करत होते, 'महाशय, वाङ्मयीन न्यायाच्या दृष्टीने…' वगैरे. नाखवीण समोर बसून पान चघळत माझे हलणारे ओठ बघत होती.

"काय गो, मंतर म्हनतस?"

"भाषण आहे."

"मंग म्हन. तेवडाच दर्या गप राहील."

प्रकाशकांचं दुकान गिरगावात एका गल्लीत होतं. पुढे पुस्तकं, मागे छापखाना, खटाखट यंत्र चाललेलं, दोघे-तिघे अक्षरांचे खिळे जुळवत उभे. प्रकाशक साठीचे, अंगात मलमली सदरा, बोलायला मृदू. नाखविणीच्या अंगाला बोंबलांचा वास होता, तरी त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो नीट येईना, त्यामुळे भाषण बिघडलं.

"महाशय, वाङ्मयीन…" इथपर्यंत आलं आणि पुढचं सगळं अरबी समुद्रात राहिलं. मग मी साधं सांगितलं, की हे गाणं माझं आहे, मी केलं आहे, आणि तुमचा माणूस आमच्या शाळेत येऊन मलाच ते फळ्यावर लिहू नको म्हणाला. आणि हक्काने दाखला पुढे केला. त्यांनी तो पाहिला, त्यावरचं कुंकू पाहिलं, आणि दोन्ही हातांनी आदराने परत दिला.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले. "आमच्या माणसाला हे किनाऱ्यावर तीन शाळांत फळ्यावर दिसलं. बायका शेतात म्हणताना ऐकलं. कोणाचं म्हणून विचारलं तर लोक म्हणाले, आमचं. मग मी काय छापू? आणि तिथीची पाऊणकी तर माझे आजोबाही करत. समुद्र काय तुमच्या सासऱ्यांचा?"

"नाही," मी म्हटलं. "आणि पाऊणकीही माझ्या बापाची नाही. पण 'मोठा मासा मी घेईन' हे माझं आहे. 'खाडीबाई आळशी भारी' हे माझं आहे."

"ती ओळ सुंदर आहे," ते म्हणाले. "पण तशा ओळी लोकगीतांत असतात. घटका उशिरा, हे यमकासाठी आलं असेल."

"यमकासाठी?" मी म्हटलं. "महाराज, घटका मोजून घातली आहे मी. ती आमच्याच खाडीची आहे. नागावला म्हणाल तर खोटी. तुमचं पुस्तक घाटावर जाईल, तिथली पोरं टाळ्या वाजवून आमच्या खाडीला आळशी म्हणतील, आणि त्यांनी खाडी जन्मात पाहिलेली नसेल. लोकांनी केलं असतं तर आपापल्या गावापुरतं बदललं नसतं का?"

ते विचारात पडले. पण विचारात पडणं आणि पटणं यात अंतर असतं. "मोजली म्हणता," ते म्हणाले, "ती कशी?"

जगात कोणालाही सांगणार नव्हते ते. मी मान तिरकी केली. "सुचली. काव्य…"

"काव्य!" नाखवीण खुर्चीत पुढे सरकली. मागच्या यंत्राचा खटखटाट असतानाही तिचा आवाज गल्लीपर्यंत गेला असणार. "काव्य न्हाय हो शेट, चिकल! मी सांगते. ही नवी नवरी व्हती. दसमी. म्हायेरी जायाला धक्क्यावर आली. दहा पाऊन साडेसात, सकालची साडेसातची भरती. ह्या बायनं हिशोब केलेला नागावचा. भांगाचे दिस, आमच्या धक्क्याला पानी जेमतेम लागतंय, ते बी भरती पुरी झाल्याबिगर न्हाय. होडी आमची लांब, मदी चिकल. मी होडीतनं वरडले, गो बाय, थांब, पानी येतंय! तर ही काय म्हनाली इचारा तिला."

मला विचारलं नाही, तरी सगळे माझ्याकडे बघत होते. खिळे जुळवणारेही.

"मी म्हटलं," मी जमिनीकडे बघून सांगितलं, "माझ्या हिशेबाने पाणी येऊन गेलं."

"येऊन गेलं! न्हाय आलेलं पानी येऊन गेलं! नि छत्री उगडून निगाली चिकलातनं चालत. चार पावलं, नि गुडग्यापातुर आत. नवं लुगडं, नाकात नथ, हातात छत्री. हलाया व्हईना. नि मंग घटकेनं आलं की पानी, हलू हलू, हिच्या पोटरीला, मांडीला. आमी बांबू दिला, दोरी दिली, चार बायांनी वडली तवा निगाली. एक वहान अजून आत हाय. नि वर आली, तर काय म्हनाली? म्हनाली, ही तुमची खाडी आलशी हाय!"

छापखान्यातलं यंत्र कोणीतरी थांबवलं होतं, की मलाच ऐकू येत नव्हतं, ठाऊक नाही. मग ते सगळे हसले. खिळेवाले हसले, हिशेबनीस हसला, प्रकाशकांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मी छत्रीच्या मुठीकडे बघत बसलेली. आणि मग, काय झालं कोण जाणे, माझा तो तिरक्या मानेचा ताठा मोडला आणि मीही हसले. इतकी हसले की नाखविणीने मला पाणी दिलं.

"बाई," प्रकाशक शेवटी म्हणाले, "लोकगीताला गुडघे नसतात. ही ओळ गुडघ्यापर्यंत चिखलात गेलेल्या माणसाची आहे. गाणं तुमचं. सांगा, काय करू?"

आता माझी पाळी होती, आणि भाषण गेलं होतं तेच बरं झालं होतं. मी म्हटलं, "माझं नाव घाला. 'जुने' काढा. पुस्तक विकता, तर त्यात जाळ्याचा वाटा असतो तो मला द्या, दर छापणीला. आणि शाळेतल्या फळ्यावर, पोरांच्या पाटीवर कोणी उतरवून घेतलं तर त्याला कोणी अडवायचं नाही. तसं तिथेच छापा."

"शेवटचं कठीण आहे," ते म्हणाले. "मग पुस्तक कोण घेईल?"

"ज्याला चित्रं हवीत तो. ज्याला इतर पंचवीस पानं हवीत तो. ज्या पोरीच्या घरी पुस्तक येणारच नाही तिची पाटी पुसून तुमचं एकही पुस्तक जास्त खपायचं नाही."

"मूठभर मासलीनं होडी रिकामी व्हत न्हाय, शेट," नाखवीण म्हणाली.

प्रकाशकांनी पुस्तक ओढून पाऊणकीचं पान उघडलं. मग हिशेबनिसाला हाक मारली.

त्यांनी किती दिले ते मी सांगत नाही. नातवंडं आजच्या भावात मोजतात आणि फिदीफिदी हसतात. पण परतीच्या लाँचमध्ये ते कनवटीला होते, आणि दर थोड्या वेळाने मी हात लावून बघत होते. माझ्या शब्दांचे! पांढऱ्या कागदावरच्या काळ्या शब्दांचे! डोक्यावर पाटी न घेता मिळालेला वाटा! नाखविणीचं बोलणं माझ्या कानात शिरतच नव्हतं.

"गो, ऐकतस का? त्यातला माजा वाटा?"

"तुमचा कसला?"

"गानं तुजं. पन चिकल आमचा."

मामंजींच्या कोर्टातही तिच्याच बाजूने निकाल लागला असता. तिला मी अलिबागच्या बाजारातून चोळीचा खण घेऊन दिला, तिने स्वतः निवडला, आणि निवडताना दुकानदाराला धक्क्यावरची सगळी हकिगत पुन्हा सांगितली. तिच्यामुळे गावात कोणाला ती ठाऊक नव्हती असं नव्हतं म्हणा. मीच एकटी समजत होते, की गुपित आहे.

उरलेल्याचं काय करावं यावर लोकांनी पुष्कळ सल्ले दिले. शाळेला घड्याळ घे, देवळाला समई दे. मी म्हटलं, शाळेला गाणं दिलं, ते फुकट दिलं. हे माझं आहे. मी स्वतःसाठी नवी छत्री घेतली, रेशमी कापडाची, लाकडी मुठीची. आणि वहाणांचा एक जोड. जुन्यातली एक उरलेली ती ह्यांनी हट्टाने जपून ठेवली होती, तिचं काय करणार म्हणून विचारलं तर म्हणायचे, "दुसरी खाडीने परत केली तर?"

त्याच आठवड्यात ह्यांनी आपल्या हाताने माझ्या फळ्यावर पाऊणकी पुन्हा लिहिली. पडद्याच्या माझ्या बाजूला येऊन. पोरांसमोर. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे आयुष्यात मी पहिल्यांदा इथे कबूल करते, आणि तेही ते वाचायला नाहीत म्हणून.

पुढल्या वर्षी पुस्तकाची नवी छापणी आली. ट्रंकवाले गृहस्थच घेऊन आले. या वेळी त्यांनी मलाही नमस्कार केला. मी पान उघडलं. होडीचं चित्र तसंच. गाण्याखाली 'जुने' नव्हतं, 'लोकगीत' नव्हतं. माझं नाव होतं, सगळं, आणि पुढे 'कवयित्री' असं छापलेलं. त्याखाली एक ओळ, 'शाळेत फळ्यावर व पाटीवर उतरवून घेण्यास कवयित्रीची परवानगी आहे.'

सासूबाईंनी त्या पानाला हळदकुंकू लावलं. या वेळी त्यांना ठाऊक होतं ते काय आहे.

मी त्या सकाळी सगळं फळ्यावर लिहिलं, जसं छापलं होतं तसं, नावासकट, परवानगीसकट. पहिल्या रांगेतली ती पोर पाटीवर उतरवत बसली, जीभ दाताखाली धरून, आणि झालं की उभी राहून म्हणायला लागली. एक पाऊण पाऊण. वर्ग तिच्यामागून. पंधरा झाले, खाडीबाई झाली, टाळी झाली. मला वाटलं, संपलं.

संपलं नाही. तिने त्याच चालीवर माझं नाव म्हटलं, आणि सगळ्या वर्गाने टाळी वाजवून म्हटलं. मग त्याच चालीवर, ताल अजिबात न चुकवता, 'शाळेत फळ्यावर व पाटीवर, उतरवून घेण्यास, कवयित्रीची, परवानगी आहे!' पुन्हा टाळी. त्यांच्या दृष्टीने फळ्यावर जे होतं ते सगळं गाणंच होतं.

मी थांबवलं नाही. कशाला थांबवू? पाटीपाटीने तेही पसरलं. नंतर कितीतरी वर्षं, उरणपासून रेवदंड्यापर्यंत कुठल्याही शाळेवरून मी छत्री घेऊन जायची आणि आतून पाऊणकी संपून माझं नाव आणि माझी परवानगी टाळ्यांच्या तालावर ऐकू यायची. ती ऐकायला मी मुद्दाम वाट वाकडी करून जात असे. अजूनही जाईन, पण आता गुडघे ऐकत नाहीत.